घराला जोडलेली बाग

घर बांधावयाचे ठरले की पहिली चर्चा सुरू होते ती खोल्यांची. दिवाणखाना केवढा असावा, झोपण्याच्या खोल्या किती, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, देवघर कोठे, पाहुण्यांसाठी एखादी खोली निघेल काय, हे सारे कागदावर बसवून झाले म्हणजे भूखंडावर जी जमीन शिल्लक राहते तिला ‘बाग’ असे नाव द्यावयाचे, ही आपल्याकडील रूढ रीत आहे. राहावयास गेल्यावर पहिल्या उत्साहात तेथे चार कुंड्या येतात, दोन गुलाब येतात, फाटकावर कृष्णकमळाचा वेल चढतो. वर्षा-दोन वर्षांत पुढल्या जागेत मोटार उभी राहते, बाजूच्या पट्टीत पाण्याची टाकी आणि गॅसच्या नळकांड्या येतात, मागल्या पट्टीत कपड्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात, आणि बाग नकाशावरच राहते.

घरच्या मंडळींची हौस कमी पडली, असे अशा वेळी म्हटले जाते. ते खरे नाही. ज्या जागेत बसता येत नाही, जेथे सावली नाही, जेथे जाण्यासाठी घराला वळसा घालावा लागतो, त्या जागेवर कोणाचीही हौस फार दिवस टिकत नाही. बाग घराला जोडावयाची असेल तर ती घराच्या नकाशाबरोबरच, किंबहुना त्याच्या आधी, आखली गेली पाहिजे. आयुष्याची मिळकत एकदाच ज्या कामात ओतावयाची, त्यात ही गोष्ट वास्तुविशारदावर किंवा ठेकेदारावर सोडून देऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधुनिक घर आणि बाग म्हटले म्हणजे हल्ली एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे येते. जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच, आत गालिचा, बाहेर गालिच्यासारखीच हिरवळ. या चित्राचे मूळ थंड प्रदेशात आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, फॉक्स नदीच्या काठी, मीस व्हॅन डर रोह या विख्यात वास्तुविशारदाने बांधलेले फार्न्सवर्थ हाउस १९५१ साली पूर्ण झाले. चारही बाजूंनी काच असलेले हे घर विसाव्या शतकातील वास्तुकलेचे एक शिखर मानले जाते, आणि पाहावयास ते खरोखरच सुंदर आहे. परंतु तेथेसुद्धा उन्हाळ्यात उष्म्याने जीव नकोसा होई आणि डासांपायी घराच्या मालकिणीला ओसरीसारख्या उघड्या भागाला जाळ्या लावून घ्याव्या लागल्या. तेथे ही अवस्था, तर नागपूर, इंदूर किंवा हैदराबाद येथील एप्रिलमध्ये त्या काचेचे काय होईल हे सांगणे न लगे. सकाळी नऊ वाजता पडदा ओढला जातो, मग वातानुकूलनाचे यंत्र लागते, यंत्र लागले की दार बंद होते. ज्या बागेसाठी एवढी काच बसविली ती बाग दिवाळीपर्यंत पडद्याआड जाते.

याच सुमारास, १९५१ पासून १९५५ पर्यंतच्या काळात, आपल्याच देशात एका घराने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. अहमदाबादमधील शाहीबाग भागात साराभाई कुटुंबाचे जुने, दाट वृक्षराजीचे आवार आहे. त्या आवारात मनोरमा साराभाई यांनी स्वतःसाठी व आपल्या दोन मुलांसाठी ल कॉर्ब्युझिए यांच्याकडून घर बांधवून घेतले. पतीच्या निधनानंतर मुलांसह राहणाऱ्या या गृहिणीला प्रतिष्ठेची हवेली नको होती, झाडांमध्ये राहता येईल असे घर हवे होते. चंडीगढची नगररचना करणाऱ्या या वास्तुविशारदाचे हे काम पाहिले म्हणजे प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या साधेपणाचे. विटांच्या समांतर भिंती, त्यांवर काँक्रीटच्या तुळया, आणि तुळयांवर कौलासारख्या सपाट विटांच्या अर्धगोल कमानी. या कमानींना स्पेनमधील प्रांताच्या नावावरून कॅटलान कमानी म्हणतात. त्या बांधताना खाली लाकडी साचा उभारावा लागत नाही.

भिंती समांतर ठेवण्यात मोठे मर्म आहे. त्या वाहत्या वाऱ्याची दिशा पाहून घातल्या आहेत. त्यामुळे प्रत्येक दालन म्हणजे दोन्ही टोकांना उघडणारा एक बोगदाच झाला आहे. एका टोकाने झाडांखालची हवा आत शिरते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. या भिंतींना ठिकठिकाणी मोकळ्या जागा सोडल्या असल्याने एका दालनातून दुसऱ्या दालनात सहज जाता येते. दारे भिंतीच्या टोकाशी नाहीत, ती पुष्कळ आत सरकविली आहेत. म्हणून प्रत्येक दाराच्या बाहेर, कमानीच्याच छायेत, एक खोल ओसरी तयार झाली आहे. मोठी फिरती दारे उघडली की दालन, ओसरी आणि बाग एका ओळीत येतात. तळाला काळसर मद्रास फरशी आहे. ती डोळ्यांना गार वाटते आणि पायांनाही. बाहेरचा झगझगीत प्रकाश ओसरीत येईतो निवतो, दालनात पोहोचेपर्यंत मंद होतो. जळत्या उन्हातून एकदम अंधारात किंवा अंधारातून एकदम उन्हात असा धक्का कोठे बसत नाही.

छपरावर माती पसरून तेथेही हिरवळ आणि फुलझाडे लावली आहेत. या मातीमुळे कमानी तापत नाहीत. छपरावरून एक काँक्रीटची घसरगुंडी थेट खालच्या पोहण्याच्या तलावात उतरते. मुलांच्या आनंदासाठी एवढा खटाटोप करणारी आई आणि तो मनावर घेणारा वास्तुविशारद, दोघांचेही कौतुक वाटते. ल कॉर्ब्युझिए यांच्या अहमदाबादमधील कामांवर देखरेख करण्यासाठी पॅरिसहून परत आलेले बाळकृष्ण दोशी हे मूळ पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. पुढे २०१८ साली वास्तुकलेचे प्रिट्झकर पारितोषिक त्यांना मिळाले.

हे गिरणीमालकाच्या घराण्यातील घर आहे, आपल्याजवळ ना तेवढी जमीन ना तो तलाव, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. घसरगुंडी आपण सोडून देऊ. परंतु त्या घरातील मुख्य गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. घर आणि बाग यांच्यामध्ये त्यांनी जी सावलीची जागा ठेवली तीच घराला बागेशी जोडते. आणि ती जागा आपल्याला नवी नाही.

अनुवादाचे काम करणाऱ्याला येथे एक गंमत जाणवते. बांधकामावरील इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘व्हरांडा’, ‘पॅटिओ’, ‘टेरेस’ या शब्दांपाशी लेखणी अडावी असा पुष्कळांचा समज असतो. अडते ती उलट बाजूने, कारण आपल्याकडे शब्दच जास्त आहेत. ओटा, ओटी, ओसरी, पडवी, सोपा, चौक, अंगण, परस. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या जागेचा आहे, वेगळ्या वेळेचा आणि वेगळ्या माणसांचा आहे. ओट्यावर सकाळी वर्तमानपत्र वाचावयाचे, ओसरीवर दुपारी तांदूळ निवडावयाचे, परसात केळीच्या बुंध्याशी मोरीचे पाणी सोडावयाचे, अंगणात तुळशीपुढे दिवा लावावयाचा. इतके बारकावे ज्या भाषेत आहेत त्या भाषेतील कुटुंबे आपल्या नव्या घराच्या नकाशावर ‘ओपन स्पेस’ एवढे दोनच शब्द लिहून थांबतात, याचे नवल वाटते.

ही ‘ओपन स्पेस’ नेमकी जाते कोठे, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब, म्हणजे २४०० चौरस फुटांचा भूखंड धरा. कडेने किती जागा मोकळी सोडावयाची याचे नियम गावोगावी निराळे आहेत. उदाहरणापुरते पुढे-मागे दहा-दहा फूट आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट समजू. मध्ये घरासाठी तीस फूट बाय चाळीस फूट, म्हणजे १२०० चौरस फूट उरतात. मोकळी जमीनही बरोबर १२०० चौरस फूट! निम्मा भूखंड मोकळा, तरी चार खुर्च्या टाकून बसावयास जागा नाही, कारण हे बाराशे फूट घराभोवती फितीसारखे गुंडाळले गेले. पाच फुटांच्या बोळात समोर शेजाऱ्याची भिंत आणि डोक्यावर त्याच्या न्हाणीघराचा नळ असतो. तेथे मोगरा फुलत नाही.

आता याच घराच्या मागल्या एका कोपऱ्यातून पंधरा फूट रुंद आणि वीस फूट खोल असा तुकडा काढून टाका. घर काटकोनाच्या आकाराचे होईल. गेले किती? ३०० चौरस फूट. परंतु हा तुकडा बाजूच्या पाच फुटांना आणि मागल्या दहा फुटांना जाऊन मिळाला की वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे ६०० चौरस फुटांचे एकसंध अंगण हाती येते. त्याच्या दोन बाजूंना आपलेच घर, दोन बाजूंना कुंपणाची भिंत. नियम कोठे मोडला नाही. खालचा मजला ९०० फुटांचा झाला, आणि दोन मजले धरले तर १८०० फूट होतात. एका कुटुंबाला ते पुरेसे आहेत. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि वडीलधाऱ्यांची खोली या अंगणाभोवती ठेवावी. न्हाणीघरे, जिना आणि कोठी अरुंद पट्ट्यांच्या बाजूला ढकलावी. मोटार पुढल्या दहा फुटांत राहील आणि तिचा बागेशी संबंध उरणार नाही.

काहींचा भूखंड याहूनही अरुंद असतो, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती असतात. त्यांनी चार्ल्स कोरिया यांच्या ‘ट्यूब हाउस’ची आठवण ठेवावी. गुजरातमधील गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या कल्पनेवरून अहमदाबाद येथे १९६०च्या दशकारंभी ते बांधले गेले. रुंदी अवघी सुमारे बारा फूट. छप्पर उतरते, आणि त्याच्या शिखराशी एक झरोका. तापलेली हवा उतरत्या छताच्या पोटाने वर चढून झरोक्यातून निघून जाई आणि तिच्या जागी खालून, दाराजवळच्या झडपांतून आणि आतल्या छोट्या चौकाकडून, नवी हवा येई. ते घर आता उभे नाही, परंतु त्याने दाखविलेली युक्ती आजही बिनखर्ची आहे. त्याच शहरात कोरियांनी पुढे पारेख कुटुंबासाठी बांधलेल्या घरात उन्हाळ्याच्या दुपारसाठी एक विभाग आणि हिवाळ्याच्या दिवसांसाठी व उन्हाळ्यातील संध्याकाळसाठी दुसरा, आकाशाकडे खुला होणारा विभाग ठेवला. माणसे घरातल्या घरात ऋतूप्रमाणे मुक्काम हलवीत. आपल्या आजीचे अंथरूण उन्हाळ्यात गच्चीवर आणि थंडीत माजघरात जात असे, तिला हे नवीन वाटले नसते.

अंगण कोणत्या बाजूला असावे? सूर्याला विचारावे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंच असतो, दिल्लीत तो ३८ अंशांवरच थांबतो. म्हणजे दक्षिणेकडील दारावर अडीच फुटांचा छज्जा असला तरी थंडीतले ऊन त्याखालून आत येते. एप्रिलमध्ये मात्र हाच सूर्य पुण्यात माध्यान्ही ८० अंशांच्या वर चढतो आणि त्याच छज्ज्याची सावली पूर्ण दार झाकते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो पुण्यात भर दुपारी किंचित उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिण बाजू अशी समजूतदार आहे. पश्चिम बाजू तशी नाही. चारनंतरचा सूर्य खाली उतरून सरळ डोळ्यांत येतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. तेथे विटांची जाळी, खोल ओसरी किंवा दाट झाड, यांपैकी काही तरी उभे हवे. म्हणून शक्य असेल तर अंगण घराच्या पूर्वेला घ्यावे. दुपार कलली की घराचीच सावली त्याच्यावर पडते आणि मुले शाळेतून येण्याच्या वेळी ते बसण्याजोगे होते.

हा नियम सरसकट लावू नये. दिल्ली, ग्वाल्हेर किंवा भोपाळकडे राहणाऱ्या कुटुंबांना हिवाळ्यातील ऊन मोलाचे असते, त्यांना दक्षिणेचे अंगण अधिक लाभेल. विदर्भात दुपारचा वारा हा वारा नसून भट्टीची धग असते. तेथे अंगणाकडील दारे दिवसा मिटता आली पाहिजेत आणि सूर्य मावळल्यावर सताड उघडता आली पाहिजेत. भिंती जाड हव्यात, आणि वाळ्याची ताटी टांगण्यास ओसरीच्या तुळईत कड्या आधीच बसवून घ्याव्यात. कोकणात आणि गोव्यात प्रश्न पावसाचा. पडवी आठ फूट खोल असली तरी आषाढातील झड आत येते. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधून पडवी बंद करीत, आज लाकडी किंवा बांबूच्या उचलत्या झडपा करता येतात. बेंगळुरूचे रहिवासी मात्र भाग्यवान. कोरियांनी १९८०च्या दशकात तेथे कोरमंगल भागात स्वतःचे घर मधल्या चौकाभोवती बांधले, ते त्या हवेला शोभून दिसते.

आता उंबरठ्याबद्दल. परदेशी चित्रांत घराची जमीन आणि हिरवळ एका पातळीवर असते. आपल्याकडे पावसाचे पाणी, वाळवी आणि सरपटणारे जीव यांमुळे जोते निदान दीड-दोन फूट उंच ठेवावेच लागते, आणि ते ठेवावे. मग बाग खाली आणि आपण वर, असे होते. यावर उपाय म्हणजे चार अरुंद पायऱ्यांऐवजी ओसरीच्या संपूर्ण लांबीची एकच रुंद पायरी, बसता येईल एवढी. तिची उंची जोत्याच्या निम्मी ठेवली की पाय जमिनीवर टेकून आरामात बसता येते आणि म्हाताऱ्या माणसांना उतरणेही सोपे जाते. तिला शहाबादी किंवा कोटा फरशी घालावी, गुळगुळीत चकचकीत फरशी मुळीच नको. पहिल्याच पावसात कोणाचे तरी हाड मोडेल. अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला असावा हे गवंडी जाणतो, परंतु मागाहून माती टाकणारा माळी ते विसरतो, तेव्हा लक्ष आपण ठेवावे.

चोर आणि डास या दोन पाहुण्यांचा विचार केल्याशिवाय कोणतेही दार उघडे राहत नाही. खिडक्यांना आणि दारांना गज बसविल्याने घर पिंजरा होते. काटकोनी घराचे अंगण दोन बाजूंनी भिंतीने बंदिस्त असल्यामुळे संरक्षण त्या भिंतीवर ठेवता येते आणि अंगणाकडील दारे मोकळी राहतात. डासांसाठी जाळीची सरकती दारे लाकडी दारांबरोबरच करून घ्यावी. मागाहून लावलेली जाळी नेहमी आड येते. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे असणे ही चैन नव्हे. घरातील स्त्रीला, आणि आता पुष्कळ घरांत पुरुषालाही, दिवसाचे किती तरी तास ओट्यापाशी उभे राहावे लागते. तेथून खेळणारे मूल आणि बसलेले सासरे दिसले पाहिजेत, आणि हात लांब केला की कढीपत्ता मिळाला पाहिजे.

छपरावरच्या बागेचा मोह पुष्कळांना होतो. साराभाईंच्या घराचे छप्पर त्या भारासाठीच योजलेले होते. अर्धा फूट जाडीची ओली माती एका चौरस मीटरला सुमारे अडीचशे ते तीनशे किलो वजन टाकते. जुन्या गच्चीवर हा बोजा अभियंत्याला विचारल्यावाचून चढवू नये. नव्या घरात मात्र आरंभापासून हिशेबात धरला आणि गळती-प्रतिबंधाचे काम चोख केले, तर वरच्या मजल्याला त्याचा गारवा लाभतो.

झाडांविषयी थोडेच सांगतो, कारण प्रत्येकाच्या घरी एक तरी जाणकार असतो. वड, पिंपळ, उंबर यांना घराजवळ थारा देऊ नये, त्यांची मुळे पाया आणि मोऱ्या शोधीत येतात. पश्चिमेला जागा असेल तर कडुनिंब लावावा. दक्षिणेला खुरचाफा उत्तम. थंडीत त्याची पाने गळून ऊन वाट काढते आणि उन्हाळ्यात तो पुन्हा भरतो. रातराणी झोपण्याच्या खिडकीला लागून लावू नये, तिच्या वासाने पुष्कळांचे डोके दुखते, ती अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात शोभते. हिरवळीचा हट्ट मात्र सोडावा. सोलापूर, औरंगाबाद, गुलबर्गा अशा कमी पावसाच्या मुलखात तिला रोज पाणी पाजणे हे शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी काढून घेण्यासारखे आहे. फरशीच्या सांध्यांतून गवत येऊ द्यावे, झाडांना मोठी आळी करावी, आणि स्वयंपाकघरातले तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी पन्हाळीने केळीकडे न्यावे. छपराचे पाणी एका हौदात घेतले तर पावसाळ्यानंतरही काही आठवडे कुंड्यांची सोय होते.

नकाशावर सही करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. भूखंडावर फक्कीने घराची आणि अंगणाची रेषा प्रत्यक्ष मारून घ्यावी. मग एखाद्या रविवारी घरातील सर्वांनी, आजी-आजोबांसह, तेथे सतरंजी घेऊन जावे. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि सायंकाळी चारला अंगणाच्या जागी बसून पाहावे. वारा कोठून येतो, शेजारच्या इमारतीची सावली कोठपर्यंत पोहोचते, रस्त्यावरचा माणूस कोठून आत पाहू शकतो, हे कागदावर कळत नाही. रेषा सरकवावी लागली तर तेव्हाच सरकवावी. आणि पायाचे खणणे सुरू होईल त्याच आठवड्यात कडुनिंबाचे रोप पश्चिमेच्या कोपऱ्यात लावून त्याला काट्यांचे कुंपण करावे, म्हणजे ठेकेदाराच्या वाळूच्या गाडीखाली ते सापडणार नाही.